शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले ‘रोज चाला’: पहिल्या तीन महिन्यांची पद्धत

एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा त्याच्या वर आला की चिठ्ठीवर गोळीचं नाव, मात्रा, वेळ सगळं लिहून मिळतं. चालण्याबद्दल मात्र दोनच शब्द असतात: रोज चाला. किती, कधी, कोणत्या वेगानं, पायात काय घालून, हे सांगायला ओपीडीत वेळ नसतो. मग माणूस दुसऱ्याच दिवशी पहाटे उपाशीपोटी, जुन्या चपला घालून तासभर चालतो. आठवड्यात टाच धरते आणि चालणं सुटतं.

चालणं हे शुगरवरचं औषध आहे, आणि औषधासारखीच त्याला मात्रा आहे, वेळ आहे, पथ्यही आहे. ही पद्धत टाइप २ मधुमेह नव्यानं निघालेल्यांसाठी आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर असलेल्यांनाही ती चालेल. टाइप १ असेल किंवा गरोदरपणात शुगर निघाली असेल, तर आधी डॉक्टरांशी वेगळं बोलून घ्या.

चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. काम करणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. टाइप २ मध्ये बिघडलेला असतो तो इन्सुलिनचा रस्ता, हा दुसरा रस्ता बहुतेकांचा शाबूत असतो. चालून झाल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतात, मग हा परिणाम ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी दोन तास चालून आठवड्याची भरपाई होत नाही.

हाताशी काय हवं

- अलीकडचे रिपोर्ट: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ईसीजी
- सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (नावं वाचता येतील अशा, कापलेले तुकडे नकोत)
- ग्लुकोमीटर, मुदतीतल्या स्ट्रिप
- पुढून बंद बूट, सुती किंवा लोकरीमिश्रित मोज्यांचे तीन जोड
- खिशात मावेल अशी ग्लुकोज पावडरची पुडी, १५ ग्रॅमची
- नाव, ‘मधुमेह आहे’, चालू औषधं आणि घरचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड
- एक वही

पावलं मोजणारं घड्याळ नसलं तरी काही अडत नाही.

१. आधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी विचारून घ्या

हळू चालायला फारशी परवानगी लागत नाही. पण मधुमेह निघतो तेव्हा तो बऱ्याचदा काही वर्षं आधीपासून अंगात असतो, म्हणून वेग वाढवण्याआधी तीन तपासण्या व्हायला हव्यात.

हृदय: छातीत दाब, चालताना जबड्यात किंवा हातात कळ, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, यांपैकी काही असेल तर ते स्पष्ट सांगा. मधुमेहात हृदयाचं दुखणं छातीत न दुखताही येऊ शकतं. अचानक दम लागणं, गार घाम, मळमळ एवढीच लक्षणं असू शकतात.

डोळे: बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोराचा व्यायाम उपचार होईपर्यंत टाळावा लागतो.

पाय: १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक तंतू, तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण मागितल्याशिवाय ते क्वचितच होतं, म्हणून मागून घ्या. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळून दुखत असेल आणि थांबलं की दुखणं जात असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. त्याला थकवा समजू नका.

२. गोळ्यांची नावं वाचा

चालताना शुगर घसरण्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. तो औषधावर ठरतो.

फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर चालण्यामुळे शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरणं अगदी विरळ. ग्लिप्टिन गटाच्या (नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ असलेल्या) गोळ्यांचंही तसंच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल किंवा इन्सुलिन असेल, तर मात्र धोका खरा आहे. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. ब्रँडचं नाव एक, आत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि पुष्कळ जण ती कधीच वाचत नाहीत.

आणखी तीन नावं शोधा:

- व्होग्लिबोज किंवा अकार्बोज: या गोळ्या पिठूळ पदार्थांचं आणि नेहमीच्या साखरेचं पचन लांबवतात. शुगर उतरली आणि चहातली साखर खाल्ली तर ती वेळेवर रक्तात पोचत नाही. खिशात ग्लुकोजच हवं.
- मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या: शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या झाकतात. घाम मात्र येतो, तीच खूण धरायची. शिवाय नाडीवरून वेग ठरवणं यांच्या बाबतीत फसवं असतं.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही जातं. उन्हाळ्यात चालण्याआधी पाणी प्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालायला जाण्याआधीचं इंजेक्शन मांडीत घेऊ नये. काम करणाऱ्या मांडीतून ते लवकर शोषलं जातं. पोटावर घ्या.

३. बूट

इथे घाई आणि काटकसर दोन्ही महाग पडतात. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यांवर चालणार तेच घालून बूट बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचा नंबर घ्या. बूट हातात धरून वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. टाचेभोवतीचा भाग दाबून बघा, तो टणक हवा.

नवा बूट पहिल्या दिवशी घरात अर्धा तास घाला, मग काढून पाय बघा. लाल डाग उमटला असेल तर तो बूट तुमच्या पायाचा नाही. ‘वापरून सैल होईल’ हा दुकानदाराचा सल्ला मधुमेहाच्या पायाला लागू नाही, कारण सैल होईपर्यंत फोड आलेला असतो आणि संवेदना कमी असेल तर तो कळतही नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ बाहेरून ठीक दिसला तरी आतला मऊपणा गेलेला असतो. रोज तीन किलोमीटर धरले तर सहा ते नऊ महिने.

घरात एमसीआर, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल वापरा. अंगठ्याच्या चपलेत बोटांनी चप्पल धरून ठेवावी लागते, म्हणून तिच्यावर लांब चालू नका.

सकाळी दवाच्या हिरवळीवर अनवाणी चालायचा सल्ला बागेत कोणीतरी देतंच. पायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल तर हा सल्ला घातक आहे. काचेचा कण, काटा, बाटलीचं झाकण यांची जखम लक्षात येत नाही आणि चिघळते. देवळाच्या प्रदक्षिणेतही तापलेल्या फरशीवर मोजे घालून चाला.

४. रोज पाय बघा

रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. भेगांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, पण बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून बुरशी धरते. घट्टे आणि कुरूप ब्लेडनं कापू नका, कुरूपावरच्या ॲसिडच्या पट्ट्याही नकोत. फोड, जखम किंवा रंग बदललेला दिसला तर चालणं बंद ठेवून त्याच दिवशी दाखवा. बूट घालण्याआधी तो उलटा करून झटका.

५. कधी चालायचं: जेवणानंतर

पहाटेचं चालणं चांगलंच, पण शुगरसाठी एकच वेळ निवडायची असेल तर रात्रीच्या जेवणानंतरची निवडा. भात-पोळीची साखर रक्तात चढायला लागते आणि साधारण एक ते दीड तासात शिखरावर पोचते. जेवून उठल्यावर १५ ते ३० मिनिटांत चालायला लागलात तर ती चढत असतानाच स्नायू तिला ओढतात.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांची तुलना झाली होती. दिवसातून एकदा सलग ३० मिनिटं चालणं, आणि तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालणं. एकूण वेळ तोच. जेवणानंतर चालणाऱ्या दिवसांत जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी होती, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. रात्रीचं जेवण बहुतेकांचं सर्वांत जड असतं आणि त्यानंतर माणूस सरळ टीव्हीसमोर बसतो, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही.

आपल्याकडे शतपावलीची रीत आहेच. तीच दहा ते पंधरा मिनिटांची करा, सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, चाळीच्या लांब गॅलरीत. वेग मध्यम ठेवा. भरल्या पोटी धावल्यासारखं चाललात तर पोटात कळ येते आणि जळजळणाऱ्यांची जळजळ वाढते. जेवल्यावर छातीत दाब जाणवणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करायचं.

६. वेग कसा ओळखायचा

चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. आकड्यात हवा असेल तर मिनिटाला साधारण १०० पावलं. १५ सेकंद पावलं मोजा, २५ भरली की बरोबर. भाजी घ्यायला थांबत-थांबत जाणं किंवा फोनवर बोलत रेंगाळणं यात धरू नका.

दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा मनाला लावून घेऊ नका. तो १९६५ मध्ये जपानी कंपनीनं बाजारात आणलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय तपासणीतून नाही. तीन हजारांवरून सहा हजारांवर गेलात तरी शरीराला मोठा फायदा होतो.

शरीर ताठ, नजर पंधरा-वीस फुटांवर, हात कोपरात वाकलेले, पाऊल टाचेवर पडून बोटांवरून सुटणारं. वेग वाढवताना ढांगा लांबवू नका, पावलं जलद टाका. लांब ढांगेत टाच जोरात आदळते आणि गुडघ्यावर भार येतो.

७. बारा आठवडे

ध्येय आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगानं, निदान पाच दिवसांत विभागून.

आठवडे १ ते २: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. बस्स. उत्साहानं जास्त चालू नका, स्नायूंना जोर येतो लवकर, पण टाचेखालचा पट्टा आणि नडगी तयार व्हायला वेळ घेतात.

आठवडे ३ ते ४: तेच, पण पंधरा मिनिटं.

आठवडे ५ ते ८: रात्रीची पंधरा मिनिटं कायम. त्यात सोयीच्या वेळी पाच दिवस २० ते ३० मिनिटांचं एक चालणं वाढवा. त्याची पहिली आणि शेवटची पाच मिनिटं हळू.

आठवडे ९ ते १२: लांब चालण्यात तीन मिनिटं जलद, तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे. जपानच्या मात्सुमोतो शहरात शिनशू विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांसाठी ही पद्धत विकसित केली. जलद म्हणजे बोलताना वाक्य तुटेल एवढं. आठवड्यातून चार दिवस पुरे. गुडघे कुरकुरत असतील तर हा टप्पा सोडून आधीच्याच टप्प्यावर राहा, नुकसान काही नाही.

पाचव्या आठवड्यापासून दोन दिवस दहा मिनिटं ताकदीचे व्यायामही करा: खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दहा दंड, ओट्याला धरून पंधरा वेळा टाचा उचलणं. साखर साठवायची सर्वांत मोठी जागा स्नायूच आहे, तो वाढला तर चालण्याचा उपयोगही वाढतो.

बैठं काम असेल तर दर अर्ध्या तासानं उठून दोन-तीन मिनिटं फिरा. सकाळी तासभर चालून पुढचे दहा तास खुर्चीत काढले तर बराच फायदा वाया जातो.

८. ग्लुकोमीटरनं स्वतः खात्री करा

सारखं जेवण दोन वेगळ्या दिवशी घ्या, समजा दोन भाकऱ्या, पिठलं, वाटीभर भात. एक दिवस जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवणाआधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी शुगर मोजा. अशा तीन जोड्या लिहून मगच निष्कर्ष काढा. चांगल्या ग्लुकोमीटरलाही सुमारे १५ टक्क्यांची चूक मान्य असते, त्यामुळे एकट्या आकड्यातल्या दहा-वीसच्या फरकाला अर्थ नाही.

मोजण्याआधी साबणानं हात धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं खाल्लेल्या बोटावरून आकडा भलताच जास्त येतो. बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, पावसाळ्यात दमट हवेनं स्ट्रिप खराब होतात.

उपाशीपोटीची शुगर पहिले काही आठवडे हलत नाही आणि लोक निराश होतात. पहाटे यकृत स्वतःहून साखर रक्तात सोडतं, त्यामुळे हा आकडा बऱ्याच जणांचा उशिरा खाली येतो. जेवणानंतरचा आकडा आधी सुधारतो, तो बघत राहा.

९. शुगर उतरली तर

हात थरथरणं, दरदरून घाम, अचानक कडाडून भूक, चिडचिड, नजर धूसर होणं, बोलणं अडखळणं. थांबा, बसा, जमलं तर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल आणि लक्षणं असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घ्या. ग्लुकोज नसेल तर चहाचे तीन चमचे साखर (व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना मात्र ग्लुकोजच). पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी खा. पेढा, चॉकलेट, बिस्किट यांतल्या तुपा-तेलामुळे साखर सावकाश चढते, म्हणून सुरुवात त्यांनी करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी मोजा. ९० च्या खाली असेल तर केळं किंवा अर्धी पोळी खाऊन निघा. नेहमीपेक्षा जास्त चाललात तर शुगर त्या रात्री झोपेतही उतरू शकते, झोपण्याआधी एकदा बघा. उलट आकडा ३०० च्या वर असेल आणि उलट्या, ताप किंवा खूप तहान असेल तर चालायला जाऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

१०. ऊन, पाऊस, उपवास

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच. कोकणात आणि मुंबईत तापमान कमी दिसलं तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही, तिथे वेग कमी ठेवा. पावसाळ्यात सोसायटीचा पॅसेज, पार्किंग, नाहीतर घरातल्या घरात जागेवर पावलं टाकणं, सगळं मोजलं जातं. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. दिवाळीत धूर साचलेल्या सकाळी घरातच चाला. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार: ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी चालणं नको. औषधाच्या मात्रेबद्दल उपवासाच्या आधी विचारा. साबुदाण्याची खिचडी खाल्लीत तर मात्र तिच्यानंतर आवर्जून चाला, साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि शुगर झपाट्यानं चढवतो.

११. इथे लोक फसतात

बागेच्या फाटकावरचा रस. कारलं, दुधी, कडुलिंब. दुधी कडू निघाला तर त्याच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊ शकतात, जीवही गेलेले आहेत. कडू आहे म्हणजे औषधी आहे असं समजून पिऊ नका. कारल्याचा रस गोळीच्या जोडीला शुगर आणखी उतरवू शकतो.

चालून आल्यावरची वडापावची गाडी. अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण १०० ते १५० कॅलरी खर्च होतात, एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. वजन फक्त चालण्यानं उतरेल ही अपेक्षा धरू नका, ते ताटावरून उतरतं. शुगर, रक्तदाब, झोप यांत मात्र वजन हललं नाही तरी फरक पडतो.

पहाटे टाचेत सुई टोचल्यासारखं दुखणं. टाचेखालचा पट्टा सुजलेला असतो. चालणं निम्म्यावर आणा, पोटरीला ताण देणारा ३० सेकंदांचा व्यायाम तीन वेळा, दिवसातून दोनदा करा, घरातही अनवाणी फिरू नका. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर दाखवा. आणि एकच पाय सुजून लाल, गरम झाला असेल, तर दुखत नसलं तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. मधुमेहात पायाची हाडं अशी मूकपणे ढासळतात.

१२. तीन महिन्यांनी

एचबीए१सी पुन्हा करा. तो साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्याआधी करून पैसे घालवू नका. नियमित व्यायामानं तो सरासरी अर्धा ते पाऊण टक्का उतरलेला दिसतो. कोणाला जास्त, कोणाला कमी. वही सोबत न्या: चाललेली मिनिटं, जेवणानंतरच्या शुगरच्या जोड्या, शुगर उतरल्याचे दिवस आणि त्या दिवशी काय खाल्लं होतं.

आकडे खाली आले म्हणून गोळी स्वतःहून अर्धी करू नका. पण आठवड्यातून दोनदा शुगर ७० च्या खाली जात असेल तर तीन महिने थांबूही नका, वही घेऊन त्याच आठवड्यात भेटा. अशा वेळी कमी करायची असते ती बहुधा ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनची मात्रा, चालणं नव्हे.